लाईसानीचं बदक

लाईसानी कधी कुणाला घाबरली नाही. देवाला घाबरत असेल, पण तसं तोंडावर दाखवलं नाही. आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवा शहराच्या टेकडीवर, इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या मोठ्या खोलीला लागून आमचा कारखाना आहे. तिथे आम्ही पाय बनवतो. साखरेच्या आजारानं आमच्या बेटांवर इतके पाय जातात की आमचा धंदा कधी मंदावत नाही. मी मुनसामी. व्हॅन चालवतो आणि प्लॅस्टिक घासतो. ही दोन्ही कामं मला धड येत नाहीत, असं लाईसानीचं मत एकोणीस वर्षांत तसूभरही बदललं नाही.

ती मूळची शिवणकाम करणारी. बाजारातल्या एका दुकानात शाळेचे गणवेश शिवत होती. आम्हाला पायांचे पट्टे शिवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आली. सहा महिन्यांत भट्टी, करवत, ड्रिल सगळं तिनं ताब्यात घेतलं आणि आमच्या साहेबांवर आपल्याच कारखान्यात दार वाजवून आत यायची पाळी आली. अंगानं दांडगी, हसली की खिडकीच्या काचा वाजत. शिव्या मात्र हळू आवाजात द्यायची, कारण त्या ऐकण्यासाठी समोरच्यानं जवळ यावं अशी तिची इच्छा असे.

उपकरणांची पुस्तकी नावं तिला चालत नसत. चाकं लावलेल्या आधाराला ती खेकडा म्हणायची. कमरेपासून टाचेपर्यंतच्या लोखंडी पट्ट्यांना बगळा. आणि कण्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेल्या लहान मुलांसाठी एक चौकट असते, तिला बदक. मूल त्या चौकटीत छातीपासून खालपर्यंत पट्ट्यांनी बांधून उभं करायचं. चौकटीच्या तळाला दोन छोटे पाट असतात, बेअरिंगवर फिरणारे. मुलानं डावीकडे अंग झुकवलं की उजवा पाट उचलला जातो आणि पुढे सरकतो, उजवीकडे झुकवलं की डावा. पायात जीव नसला तरी खांद्याच्या जोरावर पोर डुलत डुलत चालतं. हात मोकळे राहतात, त्यामुळे जाता जाता कुणाच्या ताटातलं काही उचलता येतं, हा लाईसानीच्या मते त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

बदक शिकवायला परदेशातून एक तज्ज्ञ आला होता. पहिल्याच दिवशी उन्हानं त्याचं नाक सोललं आणि उरलेले तीन आठवडे तो नाकाला मलम लावून आम्हाला शिकवत राहिला. जाताना म्हणाला, "एकच अट आहे. जमीन सपाट आणि टणक हवी."

"कुठल्या देशातली?" लाईसानीनं विचारलं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या गावांत एक तर गवत, नाहीतर चिखल, नाहीतर घरात अंथरलेल्या चटया. म्हणून आमची निम्मी उपकरणं गावात गेल्यावर कपडे वाळत घालायच्या कामी यायची. एकदा एका खेकड्यावर कोंबडी अंड्यांवर बसलेली आम्ही पाहिली. लाईसानी त्या घरच्या माणसाला एवढंच म्हणाली, "पिल्लं निघाली की एक मला दे. पट्टे मी शिवलेत." परतताना मात्र तिनं हत्यारांची पेटी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. ती गोष्ट तिच्या मनाला फार लागली होती.

तोरिका आली तेव्हा सहा वर्षांची होती. नासावुतोका गावची. वीस महिन्यांपूर्वी अळूच्या कंदांच्या पोत्यांनी भरलेला ट्रक नदीच्या उतारावर कलंडला. पोत्यांवर बसलेली मोठी माणसं पाण्यात उडून वाचली, तोरिका पोत्यांखाली सापडली. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. तोंडाला मात्र काही झालेलं नव्हतं.

"हे बदक चावतं का?" मापं घेताना तिनं विचारलं.

"बदक नाही चावत. तू आळस केलास तर मी चावते," लाईसानी म्हणाली.

"तुला दात कमी आहेत."

"म्हणून तर जास्त वेळ लागतो चावायला. सरळ बस."

तिची आई सेनिमिली कोपऱ्यात बसून होती. कमी बोलणारी बाई. तिनं सांगितलं की पोरीला एकच हवं आहे. गावात लहान मुलांचा रविवार असतो. त्या दिवशी चर्चमध्ये सगळी मुलं पांढरे कपडे घालून येतात आणि एकेक जण दारापासून थेट पुढे पाळकापर्यंत चालत जाऊन पाठ केलेलं वचन म्हणतं. मागच्या वर्षी तोरिकाला मामानं उचलून नेलं होतं.

"पोत्यासारखं," तोरिका म्हणाली. "या वर्षी मी माझी जाणार. मामानं हात लावला तर मी वचन नाही म्हणणार, दुसरंच काहीतरी म्हणेन."

"काय म्हणशील?" लाईसानीनं उत्सुकतेनं विचारलं. तोरिकानं तिच्या कानात सांगितलं. लाईसानी इतकी हसली की साहेब बाहेर आले. त्या दिवसापासून ती पोर तिची झाली.

दोन आठवडे तोरिका आमच्या सिमेंटच्या जमिनीवर डुलायला शिकली. पडली, रडली, लाईसानीचा स्क्रूड्रायव्हर पळवला, पुन्हा डुलली. शेवटी भिंतीपासून दारापर्यंत एकदाही न थांबता गेली. मग आम्ही तिला, आईला आणि बदकाला गावात सोडून आलो. लहान मुलांच्या रविवारला अजून पाच आठवडे होते.

तिसऱ्या आठवड्यात सेनिमिलीचा निरोप आला. बदक चालत नाही.

लाईसानीनं हत्यारांची पेटी उचलली आणि वाटभर मला ऐकवलं, कारण बेअरिंगमध्ये ग्रीस मी भरलं होतं. अडीच तास ती माझ्या ग्रीसच्या खानदानाचा उद्धार करत होती. गावात पोहोचलो तर सेनिमिली आम्हाला सरळ चर्चकडे घेऊन गेली. अख्ख्या गावात सपाट, टणक, ऐसपैस जमीन तेवढीच. मागच्या चक्रीवादळात बाकं उडून गेली, तेव्हापासून लोक तिथे खालीच बसतात.

चर्चच्या दाराबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या. रबरी चपला, एक बुटांचा जोड, आणि त्यांच्या रांगेत, टाचा भिंतीला लावून, अगदी नीट ठेवलेले बदकाचे दोन पाट.

आत तोरिका चौकटीत बांधून उभी होती, नुसत्या बोल्टांवर. मामानं तिला मागून धरलं होतं, नाहीतर ती तोंडावर आपटली असती. ती झुकत होती, पुन्हा पुन्हा झुकत होती आणि जागची हलत नव्हती. बाजूला चर्चची देखभाल करणारा एरोनी उभा होता. त्याच्या खिशातून तेरा नंबरचा पाना डोकावत होता.

"पाट कुणी काढले?" लाईसानीनं विचारलं.

"मीच," एरोनी अभिमानानं म्हणाला. "दर वेळी काढतो, दर वेळी लावतो. एक बोल्ट हरवू दिला नाही. पायताण घालून आत कसं येणार?"

मी बाजूला सरलो. माझं ग्रीस निर्दोष ठरलं होतं, पण तो आनंद साजरा करायची ती वेळ नव्हती.

एरोनी वाईट माणूस नव्हता. सत्तरीचा, काटकुळा, देवाच्या घरातला प्रत्येक खिळा त्याला तोंडपाठ. पाळक तरुण होता आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ शिकलेला होता, पण किल्ली एरोनीकडे असल्यामुळे धर्मशास्त्र एरोनीचंच चालायचं. आणि खरी गंमत पुढेच आहे. एरोनीचा डावा पाय गुडघ्याखाली आमच्या कारखान्यातला होता. लाईसानीनंच बनवलेला.

आम्ही त्याच्या घरी चटईवर बसलो. यांगोनाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाची, वाटी फिरू लागली. पाळक आला, शेजारचे आले, तोरिका आईच्या मांडीवर. एरोनीनं खाली बसल्यावर आपला पाय सोडवून पाठीमागे ठेवला, कारण तो पाय मांडी घालत नाही.

"हा तुझा पाय चर्चमध्ये येतो का?" लाईसानीनं विचारलं.

"येतो. बूट काढून येतो. त्याला बोटंसुद्धा आहेत, तूच केलीस."

"मग पोरीचा का नाही?"

"माझा पाय गेला, त्याच्या जागी हा आला. एक गेला, एक आला. तिचे दोन पाय जागेवर आहेत, बघ की. चौकटीत वर, अनवाणी, स्वच्छ. मग खाली जे आहे ते पायताणच झालं. माणसाला चार पाय कसे असतील?"

पाळकानं वाटीत पाहिलं. खरं सांगतो, मलाही क्षणभर त्याचं पटलं. आमच्या लोकांची हीच खोड आहे. एखादी गोष्ट नीट हिशोबानं सांगितली की ती मूर्खपणाची आहे हे लक्षात यायला उशीर होतो.

"पाळकबुवा, तुम्ही काय म्हणता?" लाईसानी म्हणाली.

"मला वाटतं... म्हणजे गावाच्या भावना..." पाळक म्हणाला, "एरोनीकाकांना विचारून..."

"यांना पगार कशाचा मिळतो?" लाईसानीनं मला मोठ्यानं विचारलं.

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की बाईला वेड लागलं. लाईसानीचं गाव आणि नासावुतोका ही तौवू गावं. दोघांचा मूळपुरुष एक. अशा गावांतल्या माणसांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांची वाटेल ती वस्तू उचलून न्यावी, आणि ज्याची गेली त्यानं हसावं. डुक्कर नेलं तरी हसायचं. रागावला तो हरला, आणि त्याचं नाव पोराबाळांपर्यंत निघतं. मी ऊसवाल्या हिंदी मजुरांच्या वस्तीतला, मला असलं कुणी तौवू नाही. माझं डुक्कर कुणी नेलं असतं तर मी पोलिसांत गेलो असतो.

लाईसानी उठली. एरोनीच्या पाठीमागून गेली, त्याचा पाय उचलला आणि बगलेत मारला.

"ए तौवू," ती म्हणाली, "हा मला आवडला. नेते."

एक म्हातारी खिंकाळली, आणि सगळं घर फुटलं. पाळकानं यांगोना नाकातून काढला. एरोनीला हसणं भाग होतं, म्हणून हसला. दात दिसत होते, पण डोळे पायावरून हटत नव्हते.

"अगं, रविवारी चर्चमध्ये कसा जाऊ?" त्यानं हसत हसत विचारलं.

"मामा आहे ना," लाईसानी म्हणाली. "त्याला सवय आहे."

पाट परत बसवून, तोरिकाला शाळेच्या अरुंद ओट्यावर सराव करायला सांगून आम्ही निघालो. एरोनीचा पाय मागच्या सीटवर होता. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, आणि मी तसं बोललो.

"लंगड्याचा पाय पळवलास. लाज वाटत नाही?"

"वाटतेय," ती म्हणाली. तिचं तोंड खिडकीकडे होतं. "गाडी चालव."

मैलभर पुढे गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सामी, ती बोल्टांवर उभी राहून झुकत होती रे. सांगितलं तसं बरोब्बर करत होती. आणि तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकतंय."

कारखान्यात आल्यावर तिनं दोन कामं केली. एरोनीच्या पायाचं आतलं अस्तर फाटलं होतं, ते नवीन बसवलं. आणि उरलेल्या रबरातून दोन छोटी पावलं कोरली, बदकाच्या पाटांना खालून-वरून घट्ट बसतील अशी. दहा बोटं. प्रत्येक बोटाला नख. बोटं कोरायला तिनं तीन दिवस घेतले आणि तीन दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

"बोटांनी चालायला काय फरक पडणार?" मी विचारलं.

"चालायला काहीच नाही. पण म्हाताऱ्याला गावापुढे काहीतरी म्हणायला नको का?"

लहान मुलांच्या रविवारी आम्ही सकाळीच पोहोचलो. मी मनातून धास्तावलो होतो. एरोनीनं दार बंद ठेवलं असतं तर सगळ्या गावादेखत पोरीला पुन्हा मामाच्या हातात जावं लागलं असतं, आणि या खेपेला दोष आमचा असता. लाईसानीही धास्तावली होती. मला ते कळलं, कारण वाटेत तिनं माझ्या गाडी चालवण्यावर एकही शब्द काढला नव्हता.

एरोनी चर्चच्या पायरीवर बसला होता, रिकाम्या बाजूला सुलूची, म्हणजे आमच्याकडच्या लुंगीची, घडी खोचून. लाईसानीनं पाय त्याच्या पुढ्यात ठेवला.

"अस्तर नवीन घातलंय," ती म्हणाली.

तो पट्टे आवळत राहिला. मग म्हणाला, "दोन रविवार त्या गाढवानं मला उचलून आत नेलं. पहिल्या रविवारी मला पोरीच्या शेजारी ठेवलं. तर ती मला हळूच काय म्हणाली माहीत आहे? 'तुकाई, मामाच्या काखेचा वास येतो ना?'"

लाईसानी हसली नाही. आजोबाला आमच्याकडे तुकाई म्हणतात, आणि ती पोर त्याला पहिल्यांदाच तसं म्हणाली होती, असं नंतर कळलं.

"खरंच येतो," एरोनी म्हणाला. "भयंकर येतो. मी दोनदा गेलो. ती पोर बावीस महिने जातेय." त्यानं रबरी पावलांकडे बोट दाखवलं. "ही काय आणलीस?"

"पाय. बोटं मोजून घे."

त्यानं खरंच मोजली. मग उठला, नवीन अस्तरावर दोनदा वजन टाकून पाहिलं, आणि जमलेल्या गावाकडे वळून ओरडला, "पाय आहेत! धुतले की आत येतील! मधल्या चटया गुंडाळा!"

बायका कुरकुरल्या, कारण त्या चटया त्यांनी आदल्या दिवशीच ताणून अंथरल्या होत्या. पण गुंडाळल्या. एरोनीनं नळाचं पाणी बादलीत आणलं, आमच्या कारखान्याचा पाय लांब करून कसाबसा खाली टेकला आणि बदकाची दहाही बोटं धुतली. फटींतून बोट फिरवून धुतली. वर चौकटीत उभी असलेली तोरिका त्याच्या टकलाकडे बघत होती. तिच्या आईनं पांढरा झगा इतका ऐसपैस शिवला होता की चौकट आत कुठे गेली ते कळत नव्हतं.

"तुकाई, गुदगुल्या होतायत," ती म्हणाली.

एरोनीचा हात थांबला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तिला एक सणसणीत शिवी दिली, चर्चच्या दारात.

मुलं एकेक करून जाऊ लागली. तोरिकाचा नंबर नववा होता. मामा दाराशी हात मागे बांधून उभा राहिला, त्याला तशी ताकीद होती. ती निघाली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. दारापासून पाळकापर्यंत बावीस पावलं असतील, माझ्या पायांनी. तिला किती लागणार होती देव जाणे. दोन्ही बाजूंना सगळं गाव चटयांवर बसलेलं. गाणाऱ्यांचं गाणं संपलं, त्यांनी दुसरं घेतलं, तेही संपलं. मध्ये एकदा ती थांबली आणि तिरकी झाली. लाईसानीनं माझा दंड धरला, तो चार दिवस दुखत होता. तोरिका सावरली.

आणि मग आम्हाला ऐकू आलं. बसलेल्या माणसांपुढून जाताना आमच्याकडे कमरेत वाकायचं असतं, आणि 'तुलो' म्हणायचं असतं, म्हणजे तुमच्यापुढून उभ्यानं जातोय, माफ करा. तोरिकाला चौकटीत वाकता येत नव्हतं. ती ताठ उभी होती, बसलेल्या सगळ्यांपेक्षा उंच. म्हणून ती प्रत्येक पावलाला म्हणत होती, डावीकडे बघून एकदा, उजवीकडे बघून एकदा. तुलो. तुलो. म्हाताऱ्यांना, बायकांना, मांडीवरच्या तान्ह्या पोरांनासुद्धा. तुलो.

तिनं वचन कोणतं म्हटलं ते मला आठवत नाही. सेनिमिली आमच्या शेजारी बसली होती आणि तोंडात रुमालाचा बोळा कोंबून रडत होती. लाईसानी तिला हळूच म्हणाली, "रडू नकोस, बाई. पोहोचली ती."

"त्याचं नाही," सेनिमिली म्हणाली. "बावीस महिन्यांत तिला हा शब्द म्हणावा लागला नव्हता."